पाळणा कोठे राहिला?
महाराष्ट्रातील शिशुसंगोपनाचा एक इतिहास



स्मृतिव्याख्यानात दिवंगत व्यक्तीच्या गुणांचे वर्णन करावे, की तिला जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या एखाद्या विषयाचा सांगोपांग विचार करावा, असा प्रश्न वक्त्यापुढे नेहमीच असतो. शाळेने प्रसिद्ध करावयाच्या पुस्तिकेसाठी दुसरा मार्ग अधिक उचित, असे मला वाटते. म्हणून मुलाच्या जन्मापासून ते शाळेच्या पहिल्या इयत्तेत पाऊल टाकेपर्यंतच्या सहा वर्षांचा विषय मी आज घेतला आहे. या सहा वर्षांत मुलाला कोणी सांभाळावे, कसे सांभाळावे आणि त्या सांभाळण्याला समाजाने काय मोल द्यावे, या प्रश्नांची महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे जी उत्तरे शोधली गेली, त्यांचा हा आढावा आहे.

भोपाळच्या अयोध्या नगरात हा विषय मांडण्याचे एक कारण आहे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, तेव्हापासून या शहराच्या पूर्वेकडील माळावर दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. पुढे कारखान्याच्या वसाहती अपुऱ्या पडल्या आणि अयोध्या नगरासारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. नोकरीसाठी स्थलांतर करणारा माणूस ट्रंक आणतो, देवघर आणतो, लोणच्याची बरणीही आणतो. आजी मात्र बहुधा गावीच राहते. त्यामुळे घरात मूल जन्माला आले आणि आईही नोकरी करणारी असली, की ‘बाळाजवळ कोण?’ हा प्रश्न येथे जितक्या लवकर उभा राहतो, तितका तो नागपूरच्या वा साताऱ्याच्या जुन्या वाड्यात राहत नसे. निदान आपली समजूत तरी तशी आहे.

ही समजूत थोडी तपासून घेतली पाहिजे. एकत्र कुटुंबात मूल ‘आपोआप’ वाढत असे, असे आपण म्हणतो. पण आपोआप काहीच होत नसते. तेथे आजी होती, विधवा आत्या होती आणि विशेषतः आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण होती. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारात उभी राहिलेली मुलगी हे आपल्या खेड्यांतील इतके नित्याचे चित्र आहे, की त्यात काही अन्याय आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. ती कडेवर ज्याला सांभाळते त्याला पुरेसे लक्ष मिळत नाही आणि तिला स्वतःला शाळा मिळत नाही. एका मुलाच्या संगोपनाची किंमत दुसऱ्या मुलाने मोजायची, अशी ही जुनी व्यवस्था होती. पुढील सर्व इतिहासात या कडेवरच्या मुलाकडे आणि त्याच्या ताईकडे लक्ष ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

घराबाहेर शिशूंची जबाबदारी घेण्याचा आपल्याकडील एक आरंभीचा प्रयत्न पुण्यात झाला. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय होती. त्या मुलांचे संगोपन सावित्रीबाई स्वतः करीत. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. या गृहाचा उल्लेख सामान्यतः विधवांच्या दुःखाच्या संदर्भात होतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मुलाला कुळ नाही त्याच्याही संगोपनाचे उत्तरदायित्व समाजाने घ्यावे, हा विचारही तेथेच कृतीत आला.

त्यानंतर पाव शतकाने पंडिता रमाबाई अमेरिकेतून परतल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे प्रशिक्षण घेतले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. लहान मुलांना शिकवणे ही शिकून घ्यावयाची विद्या आहे आणि निराधार स्त्रीला ती विद्या दिल्यास तिला मानाने उपजीविका करता येईल, हे रमाबाईंनी ओळखले होते. एक मुलासाठी आणि एक स्त्रीसाठी असे हे दोन हेतू पुढे फार महत्त्वाचे ठरणार होते.

पण त्याच मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि तेथील मुलांपर्यंत यातले काहीच पोचत नव्हते. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेल्या या बाया चाळीतील एका खोलीत संसार करीत आणि पहाटे गिरणीत जात. तान्हे मूल शेजारणीकडे, नाहीतर थोरल्या मुलीकडे. मूल रडू नये, दिवसभर निपचित पडून राहावे, म्हणून त्याला अफूची गोळी देत. या गोळीला नाव किती लडिवाळ होते पाहा : बाळगोळी. १९२२ साली मुंबई सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा ही प्रथा जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे त्यांना आढळले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. अफू न देता दहा तास मूल कोणी सांभाळायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र गिरणीमालकांजवळ नव्हते आणि सरकारजवळही नव्हते.

काही थोड्या गिरण्यांनी स्वेच्छेने पाळणाघरे काढली. सुरुवातीस अनेक आया तेथे मुले ठेवण्यास कचरत. परक्या बाईच्या हाती, परक्या जातीच्या मुलांत आपले मूल कसे ठेवावे, हा संकोच होता. आणि पाळणाघर म्हणजे निव्वळ पाळण्यांची रांग असेल तर तो संकोच अगदीच अनाठायी होता असेही म्हणता येत नाही. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. पुढे स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आणली. कायदा चांगला होता; पण त्याने पाळणाघराचा खर्च स्त्रियांच्या संख्येशी बांधून टाकला. स्त्रिया कमी ठेवल्या की पाळणाघर टळते, हा हिशेब समजण्यास फार मोठा व्यवहारपंडित लागत नाही. मुलाला बाप असतो आणि तोही याच कारखान्यात काम करीत असतो, ही गोष्ट त्या कायद्याच्या शब्दांत कोठेच नव्हती. स्त्री-पुरुष भेद न करता पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असे प्रसूतिलाभ कायद्याच्या दुरुस्तीने सांगितले ते थेट २०१७ साली.

गिरणगावातील या कहाणीत मूल ‘सांभाळण्या’चा विचार आहे, मूल ‘वाढवण्या’चा नाही. तो विचार दुसरीकडे रुजत होता. १९०७ साली रोम शहरात सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. भिंतींची नासधूस करणाऱ्या मजुरांच्या मुलांना कोणीतरी आवरावे, एवढाच इमारतीच्या मालकांचा उद्देश होता, हे येथे मुद्दाम नमूद करतो. माँटेसरीबाईंना त्या मुलांत आणखी काही दिसले. त्यांची पुस्तके काठेवाडातील भावनगरला पोचली आणि तेथे वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मुलाला आपला मान असतो ही जाणीव आहे. गिजुभाईंचे लेखन पुढे इंदूरचे काशिनाथ त्रिवेदी यांनी हिंदीत आणले, त्यामुळे आपल्या या मध्य प्रदेशातील शिक्षकांनाही ते घरचे झाले आहे.

गिजुभाईंच्या या कार्यात एक मराठी स्त्री सामील झाली. तिचे नाव ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत प्रार्थनासमाजी कुटुंबात जन्मलेल्या ताराबाई पदवीधर होत्या आणि राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर होत्या. विवाह मोडलेला, पदरी एक मुलगी. प्रतिष्ठेचे पद सोडून तान्ह्या पोरांच्या शाळेत जाणे त्या काळी वेडेपणाचेच वाटले असणार. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला आणि त्याला जोडून बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर चालवले.

शिशुविहार उत्तम चालला. पण त्यात येणारी मुले होती मध्यमवर्गीय घरांतली. माँटेसरीचे साहित्य महाग. दट्ट्यांचे लाकडी संच, गुलाबी मनोरा, रंगांच्या पट्ट्या हे सारे सुताराकडून अचूक मापात करून घ्यावे लागे. दरिद्री मजुरांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धती आपल्याकडे येईपर्यंत सुखवस्तू घरांची झाली, हे शल्य ताराबाईंना होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी दादर सोडून ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे बोर्डी हे गाव गाठले. आज तो भाग २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात येतो. २४ डिसेंबर १९४५ रोजी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच १९४५ साली त्याच परिसरात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचे, अशी लग्नगड्याची पद्धत तेथे होती. अशा आईबापांच्या मुलांच्या ‘बालपणा’विषयी बोलणे किती कठीण असेल याची कल्पना करावी. एक चळवळ वेठ मोडत होती. दुसरी मुलांची नखे कापून त्यांना आंघोळ घालत होती. दोन्ही कामे मोठी आणि दोन्ही एकाच मातीतली. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र पहिल्याला पान मिळते आणि दुसऱ्याला तळटीप.

बोर्डीला ताराबाईंबरोबर अनुताई वाघ आल्या. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या, बी.ए. झाल्या त्या पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ साली. स्वतःचे मूल नसलेल्या या बाईने पुढील जवळजवळ अर्धशतक इतरांच्या मुलांत घालवले.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली आणि पहिल्याच टप्प्यावर अडली. गावातील बऱ्या स्थितीतील मुले आली. त्या काळी हरिजनवाडा म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले आली नाहीत. कोणी बोलावून आणले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नाहीत. अंगावर कपडा नाही, डोक्यात खरूज, आई पहाटेच कामावर गेलेली. मुलाला तयार करून कोणी पाठवायचे? अशा वेळी सामान्य संस्थाचालक ‘या लोकांना शिक्षणाची गोडी नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. एखाद्याचे सारवलेले अंगण, एखाद्या झाडाची सावली. शिक्षिका जाई, मुले गोळा करी, हातपाय धुई, केस विंचरी, मग गाणी, खेळ, गोष्टी. अंगणात भरणारी ती अंगण बालवाडी, अंगणवाडी. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सरकारी कागदांवर जो शब्द चालतो, तो या अंगणातून निघाला आहे.

माँटेसरीच्या महागड्या साहित्याचेही तेथेच रूपांतर झाले. समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, बांबूच्या नळ्या, पाने, फुले, माती. लहान-मोठे, हलके-जड, गुळगुळीत-खरबरीत यांची ओळख सुताराच्या दट्ट्यांनी होते तशीच ती चिंचोक्यांनीही होते. मात्र त्यासाठी चिंचोके हाती देणाऱ्या बाईला आपण काय करीत आहोत हे नेमके कळले पाहिजे. साहित्य स्वस्त झाले तशी शिक्षिकेची तयारी अधिक काटेकोर करावी लागली, ही गोष्ट बोर्डीच्या प्रयोगाचे अनुकरण करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आली. स्वस्त साहित्य पाहून पुढे अनेकांनी शिक्षिकाही स्वस्तात मिळवली.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. येथे आदिवासी मुले अधिक आणि प्रश्न अधिक बिकट. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षक गुरांमागे गेले आणि कुरणातच शाळा भरू लागली; ती कुरणशाळा. मुलींचे काय? येथे आपली कडेवरची ताई पुन्हा समोर येते. धाकटे भावंड घरी टाकून ती येऊ शकत नव्हती आणि त्याला घेऊन आली तर वर्गात रडारड. कोसबाडला यावर उत्तर निघाले ते विकासवाडीच्या रूपाने : एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताई वर्गात, मधला बालवाडीत, तान्हे पाळणाघरात. तिघांनाही जे हवे ते मिळे आणि आई निर्धास्तपणे शेतावर जाई. शिक्षणशास्त्रातील मोठमोठ्या सिद्धान्तांविषयी मला आदर आहे. परंतु आपल्या देशाच्या वास्तवाला इतके चपखल बसणारे दुसरे एकही शैक्षणिक उत्तर मला ठाऊक नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी पुढे प्रा. रमेश पानसे यांच्यासह १९८२ साली ग्राममंगल ही संस्था उभी केली, १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांचेही निधन झाले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने देशातील तेहतीस प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली आणणारी ही योजना जगातील अशा योजनांत आकाराने फार मोठी ठरली. कुपोषणाने आणि साध्या साध्या रोगांनी मुले मरत असलेल्या देशात तिचे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि २००६ च्या आदेशांनी ती देशभर प्रत्येक वस्तीला लागू करण्यास शासनास भाग पाडले.

पण इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने वारसा मोजताना दोन्ही बाजू मांडाव्यात. नाव कोसबाडचे आले. पाळणा आला नाही. अंगणवाडी दिवसातून काही तास उघडी असे. तीन वर्षांखालील मुलासाठी आईच्या हाती शिधा दिला जाई; ते मूल दिवसभर कोठे राहणार याची चिंता योजनेने केली नाही. परिणामी शेतमजूर आईची सुटका झाली नाही आणि ताईचीही झाली नाही. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची ‘पाळणा’ योजना केंद्र सरकारने आणली ती २०२२ साली. विकासवाडीनंतर तब्बल दोन पिढ्यांनी.

दुसरे, अंगणवाडीतील बाई. ताराबाईंच्या अध्यापन मंदिरातून बाहेर पडणारी स्त्री शिक्षिका होती. सरकारी योजनेत ती ‘सेविका’ झाली आणि तिला पगाराऐवजी मानधन ठरले : १९७५ साली मॅट्रिक झालेल्या सेविकेस दरमहा १५० रुपये, न झालेल्या सेविकेस १००. सेवा हा शब्द पवित्र खरा. पण ज्या कामाचे दाम द्यायचे नसतात त्याला आपल्याकडे हटकून सेवा म्हणतात. आहार वाटणे, वजने घेणे, वह्या भरणे, सर्वेक्षणे, लसीकरणाच्या दिवशी घरोघर फिरणे, या साऱ्यातून वेळ उरला तर गाणे-गोष्ट. एका सेविकेकडून सहा सेवांची अपेक्षा धरली की ज्या सेवेची नोंद वहीत करता येत नाही तीच पहिल्यांदा गळते. मुलाशी केलेल्या संभाषणाची नोंद कोणत्या रकान्यात होणार?

याच काळात एक वेगळा प्रयत्न शहरांत झाला. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना उन्हात, सिमेंटच्या धुळीत पडलेली मजुरांची तान्ही मुले पाहून मीरा महादेवन यांनी तेथे एक तंबू ठोकून पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेश’ ही संस्था झाली, १९७२ साली तिचे काम मुंबईत पोचले आणि पुढे पुण्यातही गेले. बांधकाम संपले की मजूर हलतात, म्हणून पाळणाघरानेही हलायचे. अंगणात गेलेली बालवाडी, गुरांमागे गेलेली कुरणशाळा आणि मजुरांमागे जाणारे हे पाळणाघर ही एकाच कुळातली. आपण अयोध्या नगरात ज्या घरांत राहतो, तीही अशाच आयांनी विटा वाहून उभी केली आहेत. त्या वेळी त्यांची मुले कोठे होती, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

‘उत्तम’ संगोपन म्हणजे नेमके काय, याविषयी अलीकडच्या संशोधनाने जे सांगितले आहे ते पाहू, कारण त्यामुळे कोसबाडचे मोल अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथे १९६२ ते १९६७ या काळात दरिद्री कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतील ५८ मुलांना प्रशिक्षित शिक्षिकांची शिशुशाळा मिळाली. शिक्षिका दर आठवड्यास घरीही जात. चाळिशीपर्यंत पाठपुरावा केल्यावर शिशुशाळेत गेलेली माणसे शिक्षणात, नोकरीत, मिळकतीत पुढे आणि गुन्ह्यांत मागे आढळली. पण आपल्याला याहून जवळचा वाटावा असा प्रयोग जमैकाच्या किंग्स्टन शहरात झाला. १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली १२९ बालके निवडली. काहींना पूरक आहार दिला; काहींच्या घरी स्थानिक आरोग्यसेविका दर आठवड्यास तासभर जाऊन, घरगुती वस्तूंतून केलेली खेळणी वापरून, मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवी; काहींना दोन्ही मिळाले; काहींना यांपैकी काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ आणि संभाषण मिळालेल्यांची मिळकत ते न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. अन्न नको असा याचा अर्थ कोणीही करू नये. पोटाबरोबर मुलाशी बोलणारे माणूस हवे, एवढेच यातून दिसते. घरगुती वस्तूंची खेळणी, वस्तीतलीच शिकवून तयार केलेली स्त्री, घरापर्यंत जाणे : किंग्स्टनमध्ये जे मोजले गेले ते बोर्डीत चाळीस वर्षे आधी केले गेले होते.

मध्यमवर्गाची चूक मात्र अगदी उलट दिशेची आहे. गरिबांच्या मुलाला केवळ खिचडी, तर आपल्या मुलाला केवळ अक्षरे. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल, प्रवेशासाठी त्याची मुलाखत, गृहपाठ. १९९३ साली प्रा. यशपाल समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती घेणे बंद करावे, असे स्पष्ट सांगितले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणले, मूलभूत हक्कात नव्हे. हक्क सुरू होतो तो सहाव्या वर्षी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, ही स्वागतार्ह गोष्ट. पण तीन वर्षांखालचे मूल तेथेही परिघावरच राहिले.

आणि ती सांभाळणारी बाई? २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणी न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांनी निर्णय दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान कायद्याप्रमाणे उपदान मिळण्याचा अधिकार आहे. योजना सुरू होऊन तेव्हा सत्तेचाळीसावे वर्ष चालू होते. तरीही डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना महिन्याहून अधिक काळ संप करावा लागला. मागण्या त्याच : वेतन, निवृत्तिवेतन, उपदान.

आता थोडे आपल्या वस्तीकडे. आपल्या गल्ल्यांतून एखाद्या गृहिणीने घरच्या खोलीत चार-सहा मुले सांभाळणे, हा व्यवहार सर्वांना परिचित आहे. आपण तिला ‘पाळणाघरवाल्या मावशी’ म्हणतो. तिच्याकडे मूल ठेवताना आपण विचारतो ते दर महिन्याचे किती आणि सुट्टीचे पैसे कापणार का. ती एकटी किती मुले पाहते, मूल झोपेतून उठून रडू लागले तर कोण जवळ घेते, दूरदर्शन संच किती वेळ चालू असतो, ती मुलांशी कोणत्या भाषेत आणि किती बोलते, हे विचारणारे विरळा. दहावीच्या शिकवणीला जे पैसे आपण बिनतक्रार भरतो, त्याच्या एक चतुर्थांश रक्कम या मावशींना देताना आपला हात आखडतो. मराठी घरांना याची आणखी एक बाजू आहे. मूल दिवसाचे आठ तास जिच्याजवळ असते तिची भाषा ते प्रथम बोलते. परप्रांतात मराठी टिकावी म्हणून आपण गणेशोत्सवात नाटके बसवतो. पण मराठी बडबडगीते जाणणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला आठवड्यातून दोन दिवस पाळणाघरात पाठवावे, हे कोणास सुचत नाही.

या शाळेच्या चालकांपुढे म्हणून एक सूचना ठेवतो. शाळेच्या इमारतीतील एखादी खोली शनिवारी दुपारी मोकळी असेल, तर परिसरातील पाळणाघरे चालवणाऱ्या आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या स्त्रियांना तेथे बोलवावे. शाळेच्या बालवर्गाच्या शिक्षिकांनी त्यांच्याबरोबर बसून गोष्टी सांगण्याचा, चिंचोके-बांबू-चिंध्यांतून खेळणी करण्याचा, आजारी मुलाची लक्षणे ओळखण्याचा सराव करावा. त्यांच्याकडूनही शिकावे, कारण दहा तास मूल सांभाळण्याचा अनुभव त्यांचा आहे. येणाऱ्या प्रत्येकीला त्या दिवसाचा भत्ता द्यावा. तो पालकसंघाने उचलावा आणि त्याची नोंद ‘मानधन’ या रकान्यात न करता ‘शिक्षिकांचे वेतन’ या रकान्यात करावी. शाळेत झाडलोट करणाऱ्या आणि बांधकामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी त्याच खोलीत एक पाळणा टांगता आला, तर तो पहिल्या आठवड्यापासूनच टांगावा. कड्या नसतील तर त्या बसवून घेण्याचा खर्च फार नाही.